सहा रात्री, तीन शहरं, ७ किलोची मर्यादा, आणि माझी बॅग भरतेय ११ किलो ४००

रानजाई

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी सहा रात्रींसाठी व्हिएन्ना, ब्रातिस्लाव्हा आणि बुडापेस्टला निघाले आहे. एकटीच. परदेशात एकटीने जायची ही पहिलीच वेळ. तिकिटात फक्त केबिन बॅग आहे: ५५ × ४० × २० सेंटिमीटर, ७ किलो. शिवाय सीटखाली मावेल अशी एक लहान पिशवी चालते. जादा पैसे भरले तर चेक-इन बॅगही मिळते, पण मला ती नकोच आहे. आठ महिन्यांपूर्वी माझं डावं मनगट मोडलं, आत प्लेट बसवली आहे. रोजची कामं होतात, पण त्या हाताने जड काही उचललं की रात्रभर ठणकतं. तिन्ही शहरांमधला प्रवास रेल्वेने आहे, म्हणजे दर वेळी बॅग डब्यात चढवायची आणि उतरवायची. त्यात बुडापेस्टची राहायची जागा जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे लिफ्ट नाही.

काल सगळं भरून पाहिलं तर ११ किलो ४०० ग्रॅम. तेही दोन टॉप आणि एक स्वेटर बाहेर काढून ठेवल्यावर. बॅग म्हणजे चार चाकांची, कडक कवचाची ट्रॉली.

आत्ता सगळं पलंगावर पसरून बसले आहे. एकेक वस्तू हातात घेते आणि ती लागणारच असं वाटतं. जीन्स दोन, कारण एक भिजली तर? बूट दोन, कारण एक संध्याकाळ व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरासाठी ठेवली आहे आणि दिवसभर पायपीट केलेले बूट तिथे कसे घालायचे? ड्रायर, कारण केस ओले राहिले की माझं डोकं धरतं. कोट, कारण तेव्हा तिकडे थंडी पडायला लागते. यातलं नेमकं काय काढू, कुणी सांगाल का?

वळणवाट

रानजाई, दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला होता. भरलेली बॅग धरून विमानातल्या वरच्या कप्प्याकडे बघत उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न मनापासून घेते आहे.

पण काय काढायचं ते आज सांगणार नाही. नुसतं बघून वजन कळत नाही, डोळ्याला आकार तेवढा दिसतो. तुम्ही स्वेटर काढलात, तो फुगीर दिसतो म्हणून. माझा बारीक लोकरीचा स्वेटर काट्यावर २८० ग्रॅम भरला होता आणि त्याच वेळी बॅगेत बिनबोभाट बसलेली शांपूची बाटली ४३०.

तेव्हा आज एवढंच करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पलंगाजवळ आणा आणि एक वही घ्या. पहिली नोंद रिकाम्या बॅगेची. ती काट्यावर मावणार नाही, तर माणसाच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभ्या राहा, मग बॅग घेऊन उभ्या राहा आणि वजाबाकी करा. मग एकेक वस्तू. मोज्यांची जोडीसुद्धा सोडू नका.

मी नऊ वर्षं अशी वही ठेवते आहे. उजव्या पानावर निघतानाची यादी, ग्रॅमसकट. परत आले की त्याच रात्री, बॅग उपसता उपसता, डाव्या पानावर न वापरलेल्या वस्तू लिहिते. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की मन सारवासारव करतं, म्हणून त्याच रात्री. पहिल्या सहलीच्या डाव्या पानावर एकवीस नोंदी आहेत. पाच दिवसांच्या सहलीत एकवीस वस्तू मी नुसत्या फिरवून आणल्या होत्या. अलीकडच्या पानांवर दोन किंवा तीन असतात. 

तुमचे आकडे इथे टाका, मग बोलू.

रानजाई

केलं. दीड तास लागला.

रिकामी ट्रॉली २ किलो ९००. दोन जीन्स मिळून १ किलो ३००. कोट १ किलो ४००. सहा टॉप १ किलो २००. जादा बूट ८५०. ड्रायर ६००. शांपू, कंडिशनर, फेसवॉश, दोन क्रीमं, टूथपेस्ट असं सगळं मिळून १ किलो ४००. वाचायला घेतलेली कादंबरी ५००. उरलेलं, म्हणजे आतले कपडे, मोजे, रात्रीचे कपडे, औषधं, चार्जर आणि कागदपत्रं, १ किलो २५०.

ट्रॉलीचा आकडा खरा वाटेना म्हणून पुन्हा वजन केलं. तेवढंच आलं. म्हणजे ७ किलोपैकी जवळजवळ ३ किलो नुसत्या खोक्याला जाणार.

वळणवाट

छान. आता अंदाज संपला, बेरीज-वजाबाकी सुरू.

आधी बॅगच. ट्रॉली ठेवलीत तर बाकी सगळ्यात कितीही काटकसर करा, हातात फक्त ४ किलो १०० उरतात. तीस ते छत्तीस लिटरची मऊ पाठपिशवी साधारण एक किलोची मिळते, तिथेच १ किलो ९०० सुटले. तुमच्या मनगटाला तर तीच बरी. भार दोन्ही खांद्यांवर जातो, कंबरेचा पट्टा असेल तर निम्माअधिक कंबर घेते आणि रेल्वेत चढताना दोन्ही हात दांडा धरायला मोकळे राहतात. ती जमिनीवरून उचलून खांद्यावर फेकू नका. आधी टेबलावर किंवा बाकावर ठेवा, तिच्याकडे पाठ करा, पट्ट्यांत हात घाला आणि उभ्या राहा. खांदा आखडला होता तेव्हा मी हे शिकले आणि आता खांदा बरा असूनही तसंच करते. चाकांचा मोह सोडा. ब्रातिस्लाव्हाच्या जुन्या भागातले रस्ते दगडी फरशांचे आहेत, तिथे छोटी चाकं खडखडत अडकतात आणि शेवटी बॅग उचलावीच लागते.

कोट अंगात. विमानात वरच्या कप्प्यात बॅगेवर ठेवून द्या. ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात दिवसा साधारण १५ अंश आणि रात्री ७ च्या आसपास तापमान असतं. त्याला आत एक पातळ थर्मल, वर तुम्ही काढून ठेवलेला स्वेटर आणि त्यावर कोट, एवढं पुरतं. तो स्वेटर परत आत घ्या.

जीन्स दोन्ही बाहेर. "एक भिजली तर" ही भीती खरी आहे, पण त्यावर दुसरी जीन्स हा उपाय नाही. जाड डेनिम भिजलं की थंड खोलीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळीसुद्धा कमरेशी आणि खिशांत दमट लागतं. पातळ, लवकर वाळणाऱ्या कापडाच्या दोन पँट, एक अंगात आणि एक बॅगेत. बॅगेतली काळी असू द्या, ऑपेराला तीच. स्टेट ऑपेरात खास पोशाखाची सक्ती नाही. कोट तर क्लोकरूममध्ये ठेवायचाच असतो. काळी पँट, साधा एकरंगी टॉप आणि गळ्याभोवती एक चांगला रेशमी स्कार्फ. माझा स्कार्फ ९० ग्रॅमचा आहे आणि नऊ वर्षांत डाव्या पानावर एकदाही गेलेला नाही. बूट एकच जोड, तो पायात. गडद रंगाचा, तळवा मऊ, आधी निदान दोन आठवडे घालून सरावलेला. संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसला की कुणाला कळत नाही. खोलीत घालायला हलक्या सपाता मात्र घ्या, दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं झाली की पाय बूट नको म्हणतात.

ड्रायर राहू द्या घरीच, पण आधी तिन्ही मुक्कामांच्या जागी आजच मेल टाकून विचारा. बऱ्याच ठिकाणी असतो. एखाद्या ठिकाणी नाही म्हणाले तर त्या रात्री केस धुऊ नका. 

आता शांपू-क्रीमांचा १ किलो ४०० चा डबा. त्यात वजनाशिवाय दुसरीही अडचण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये विमानांत द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघड झाला, तेव्हापासून केबिनमध्ये द्रव पदार्थ १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत नेता येत नाहीत आणि सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या एका पारदर्शक पिशवीत मावाव्या लागतात. बाटलीची क्षमता बघतात, आत किती उरलंय ते नाही. २०० मिलीची बाटली तळाला आली असली तरी ती टाकून द्यायला लावतात. टूथपेस्ट, क्रीम आणि जेलही यात धरतात. नवीन स्कॅनर बसवलेल्या काही विमानतळांवर हा नियम सैल झाला आहे, पण परतीच्या किंवा मधल्या विमानतळावर जुनाच असू शकतो. म्हणून १०० मिलीच धरून चाला.

आणि खरी गरज किती, तेही मोजा. एका धुण्याला मला साधारण ८ मिली शांपू लागतो. सहा रात्रींत दोनदा केस धुतले तर १६ मिली. तुम्ही त्यासाठी पाव लिटर नेणार होता. कपडे धुवायला साबणाची वडी घ्या, ती द्रवात धरत नाहीत. लहान बाटल्या काठोकाठ भरू नका आणि झाकण लावण्याआधी दाबून आतली हवा काढा. विमानात हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवरच्या इतका ठेवतात, त्यामुळे बाटलीतली हवा फुगते आणि शांपू झाकणातून बाहेर येतो. 

राहिले टॉप. सहा रात्रींना सहा, हा हिशेब आपण दिवसांनी करतो. धुण्याने करा. तीन टॉप, एक अंगात आणि दोन बॅगेत. दुसऱ्या आणि चौथ्या रात्री धुवायचे.

धुणं सोपं आहे, वाळवणं कठीण. त्याची एक रीत सांगते, ही नीट करा. बेसिनमध्ये टॉप धुऊन हाताने हलकेच दाबायचा. पिळायचा नाही, तुमच्या मनगटाने तर मुळीच नाही. मुक्कामाच्या जागी दिलेला मोठा कोरडा टॉवेल पलंगावर नको, बाथरूमच्या कोरड्या फरशीवर पसरा. त्यावर टॉप सपाट ठेवा, बाह्या आत घ्या. एका टोकाकडून टॉवेल घट्ट गुंडाळत जा, कपडा आत राहील असा. गुंडाळी झाली की तिच्यावर अनवाणी उभ्या राहा आणि टाचेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चाला. अर्ध्या मिनिटात पायाला टॉवेल गार लागायला लागतो, म्हणजे पाणी तिकडे गेलं. उलगडलं की टॉप नुसता दमट असतो. तो हँगरवर टाका, आतून दोन बोटांचं अंतर राहील असा. पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना चिकटले तर काख वाळत नाही. हे संध्याकाळी नऊला केलंत तर सकाळी सातला अंगात घालता येतो. मनगटाला काहीही करावं लागत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

कादंबरीचं तुम्ही ठरवा. ५०० ग्रॅम पुष्कळ आहे, पण एकटीच्या प्रवासात रात्री पुस्तक हातात हवं असेल तर मी काढायला सांगणार नाही.

उभाआडवा

मी कापडाच्या धंद्यात आहे, त्यामुळे वळणवाट यांच्या धुण्याच्या हिशेबाला एक जोड देतो. तीन टॉप कोणत्या कापडाचे, यावर सगळं अवलंबून आहे. जाड सुती टी-शर्ट पाणी धरून ठेवतो, टॉवेलवर कितीही चाला, सकाळी कॉलर ओली असते. पॉलिस्टर झटपट वाळतं, पण त्यात घामाचा वास बसतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच जाणवतो. मेरिनो मेंढीची पातळ लोकर दोन्हींच्या मधली. लोकरीचा धागा स्वतःच्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश बाष्प पोटात घेतो तरी हाताला ओला लागत नाही, आणि वास धरत नाही म्हणून दोन-तीन दिवस सलग घालता येतो. महाग असते हे खरं. तीनही मेरिनोचे घ्यायची गरज नाही, एक पुरे, उरलेले दोन पातळ मिश्र कापडाचे चालतील.

कापडाच्या पट्टीवर काय लिहिलंय त्यावर विसंबू नका. जे तीन टॉप न्यायचे ते आज रात्री नऊला धुवा, वर सांगितल्याप्रमाणे टॉवेलात दाबा, पंखा न लावता खोलीत टांगा. सकाळी सातला काखेची आणि कमरेची शिवण गालाला लावून बघा. बोटांना दमटपणा चटकन कळत नाही, गालाला कळतो. जो नापास होईल तो घरी.

पुडीवाली

मी औषधांच्या दुकानात बसते, म्हणून थोडं औषधांचं. रानजाई, तुमची औषधं कुठली ते विचारत नाही, पण मनगटासाठी वेदनाशामक असेल तर त्याचं रासायनिक नाव बघा. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्यांवर अनेक देशांत निर्बंध आहेत. साध्या सर्दीच्या गोळीचंही तसंच. जपानमध्ये दहा टक्क्यांहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेलं औषध नेताच येत नाही. प्रत्येक देशाची यादी वेगळी, त्यामुळे जिथे जाणार तिथल्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्यायचं.

वजन वाचवायला लोक गोळ्या पट्टीतून काढून एका डबीत भरतात. कृपा करून तसं करू नका. सुट्टी गोळी कुठली आहे हे अधिकाऱ्याला सांगता येत नाही आणि थायरॉइडच्या गोळीसारखी काही औषधं उजेडाने आणि दमटपणाने खराब होतात. पट्टी कात्रीने कापायची असेल तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग राहील अशी कापा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तीत कंपनीच्या नावाशेजारी औषधाचं मूळ नाव. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या घ्या, विमान रखडलं तर कामी येतात. पातळ औषध १०० मिलीपेक्षा जास्त असलं तरी नेता येतं, फक्त तपासणीच्या वेळी वेगळं काढून दाखवायचं.

प्लेटबद्दल: धातूशोधकाच्या चौकटीतून जाण्याआधीच कर्मचाऱ्याला मनगट दाखवून सांगा. बरेचदा यंत्र वाजतही नाही, पण वाजलं तर आपण आधी सांगितलेलं बरं असतं.

निळीछत्री

इथे सगळे हलक्या बॅगेच्या बाजूचे आहेत, मी तिच्याकडे दुसऱ्याच वाटेने आले.

चार वर्षांपूर्वी मी सात दिवसांसाठी गेले होते, सगळं सामान चेक-इनमध्ये टाकून. मधल्या विमानतळावर दुसरं विमान गाठायला पन्नास मिनिटं होती. मी पोचले, बॅग नाही पोचली. ती तिसऱ्या दिवशी रात्री आली. तोवर अंगावरचे कपडे, एक पर्स आणि फोन. चार्जरही बॅगेत होता. पहिल्या रात्री मी पट्ट्यावर शेवटची बॅग फिरून थांबेपर्यंत उभी होते, मग पट्टाही थांबला, आणि कुणाकडे जायचं तेच कळेना. विमानतळातून बाहेर पडण्याआधीच सामानाच्या खिडकीवर लेखी तक्रार द्यायची असते, तिला पीआयआर म्हणतात, आणि तिचा क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नसतं. गरजेचे कपडे घ्यावे लागले तर पावत्या जपायच्या. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे उशिरा आलेल्या सामानाची लेखी मागणी बॅग हाती पडल्यापासून २१ दिवसांच्या आत द्यावी लागते. मला हे नंतर कळलं, मी पावत्या फेकल्या होत्या.

तर रानजाई, एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमची बॅग केबिनची असली तरी विमान भरलेलं असेल तर दारातच ती घेऊन खाली सामानात टाकतात. नाही म्हणता येत नाही. त्या घडीला घाईघाईने बॅग उघडून शोधाशोध करावी लागू नये म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर, पॉवर बँक आणि आतल्या कपड्यांचा एक जोड सीटखालच्या पिशवीतच ठेवा. पॉवर बँक तर नियमानेच चेक-इन सामानात चालत नाही. तिची मर्यादा वॉट-तासांत असते: १०० पर्यंत सहसा विचारावं लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्यावर मनाई. बॅटरीवर एमएएच लिहिलेलं असेल तर त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागायचं. दहा हजार एमएएचची म्हणजे ३७ वॉट-तास. तुम्हाला ती पुरे, वीस हजारांची जवळजवळ दुप्पट वजनाची असते.

प्लगसाठी तीन वेगळे अडॅप्टर घेऊ नका. ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी तिन्हीकडे दोन बारीक गोल पिनांचा चपटा प्लग बसतो. 

रानजाई

तुम्ही सगळ्यांनी इतकं मन लावून लिहिलंत. वाचताना मला भरून आलं, खरंच.

काल रात्री पुन्हा भरली. मैत्रिणीची ३४ लिटरची पाठपिशवी मिळाली, १ किलोची. जीन्स, जादा बूट आणि ड्रायर बाहेर. मेल टाकले होते, दोन ठिकाणी ड्रायर आहे, बुडापेस्टला नाही. तिथे दोनच रात्री आहेत, केस निघायच्या आदल्या दिवशी धुऊन जाईन. बाटल्यांचा डबा १ किलो ४०० वरून ५०० वर आला. गालाच्या परीक्षेत एक टॉप नापास झाला, तोच माझा सगळ्यात आवडता होता. काळी पँट ३५०, स्वेटर ३००, सपाता २००, छत्री ३००. पुस्तक घेतलंच आहे.

एकूण ४ किलो ८००. तेही औषधं आणि चार्जर धरून, आणि ते आता सीटखालच्या पिशवीत जाणार आहेत.

बॅग टेबलावर ठेवली, पाठ केली, हात घातले आणि उभी राहिले. मग आमच्या जिन्याने तीन मजले चढून आले. डावा हात कठड्यावर नुसता टेकवला होता. रात्री मनगट ठणकलं नाही.

एकच विचारायचं आहे. अजून २ किलो २०० शिल्लक आहेत. ती दुसरी जीन्स घेऊ का? एकच?

वळणवाट

शिल्लक आहेत ते ७ किलोच्या हिशेबात. तुमचं मनगट काल ४ किलो ८०० वर गप्प राहिलं, ७ वर काय म्हणेल ते आपण बघितलेलं नाही. हवं तर जीन्स घालून पुन्हा तीन मजले चढून बघा आणि मग ठरवा. माझं मत विचाराल तर नको. परत येताना काहीतरी घेतलं जातंच, ती जागा त्यासाठी राहू द्या.

आणि वही सोबत न्या. लहानशीच आहे ना?

रानजाई

परत आले, काल रात्री. बॅग उपसता उपसताच डावं पान लिहिलं, म्हणून आज इथे.

जीन्स नेली नव्हती. ब्रातिस्लाव्हात दुपारभर पाऊस पडला, पँट गुडघ्यापर्यंत भिजली, टॉवेलात दाबून टांगली आणि सकाळी घालून रेल्वेत बसले. ऑपेराला काळी पँट आणि स्कार्फ. माझ्या रांगेत कुणी नटून आलं होतं, कुणी माझ्यासारखंच, आणि पडदा उघडल्यावर माझं लक्ष पायातल्या बुटांकडे एकदाही गेलं नाही. येताना दारात खरंच केबिन बॅगा गोळा करत होते. माझी घेतली. मी खालची पिशवी खांद्याला लावली आणि बॅग देऊन टाकली, दहा सेकंदांत.

बुडापेस्टचा जिना दगडी आणि गोल होता, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. पहिल्या दिवशी एका दमात चढले.

डाव्या पानावर चार नोंदी आहेत: थर्मल, छत्री (कोटाची टोपी पुरली), दुसरं क्रीम आणि मोज्यांची एक जोडी. कादंबरी वाचून संपली.